आमची साखर तिशीची वाट बघत नाही : फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

महाराष्ट्रात गावोगावी दवाखाना चालवणाऱ्या सर्व डॉक्टरांना,

सप्रेम नमस्कार.

एमबीबीएस असा, बीएएमएस असा की बीएचएमएस, पाटीवर काय लिहिलंय याच्याशी या पत्राला देणंघेणं नाही. सर्दी-तापाला, पाय मुरगळल्यावर, ऑफिसच्या सर्टिफिकेटसाठी गाव ज्यांच्याकडे धावतं, त्या तुम्हा सगळ्यांना हे लिहितेय. मी सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन आहे. तुमच्या चिठ्ठ्या रोज माझ्या टेबलावर येतात, तुमचं अक्षरही आता मला लागतं. आणि मी चार वर्षांची असताना मला रक्ताचा कॅन्सर झाला होता. एएलएल, म्हणजे अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. केमो झाली, पाठीतली इंजेक्शनं झाली, डोक्याला लाइट म्हणजे किरणोपचार दिले, आजार परत येऊ नये म्हणूनच्या मेंटेनन्सच्या गोळ्या झाल्या आणि मी बरी झाले. कॅन्सर परत आला नाही.

मागणं एकच आहे. लहानपणी ब्लड कॅन्सर होऊन गेलेला मुलगा किंवा मुलगी तुमच्यासमोर बसली, तर नुसतं तिचं वय बघून साखर, रक्तातली चरबी, बीपी या गोष्टी मनातून काढून टाकू नका. आमच्यातल्या बऱ्याच जणांना हे आजार वयाच्या कितीतरी आधी गाठतात. त्याचं कारण आमच्या आजच्या ताटात थोडं असतं आणि जुन्या फाइलीत बरंच.

हे मोठ्या हॉस्पिटलांना का लिहीत नाही? त्यांना हे माहीत आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं क्लिनिक १९९१ पासून चालू आहे. पण तिथपर्यंत जाणार कोण आणि किती वर्षं? सुरुवातीला आईबाप नेमानं नेतात. पाच वर्षं झाली, रक्तपेशींचे काउंट चांगले आले, की गाडीभाडं, बुडणारा रोज, मुलाची दहावी हे सगळं आडवं येतं आणि परळची वारी बंद पडते. तुमची पायरी मात्र आम्ही चढतच राहतो.

माझं मला कसं कळलं, ते सांगते. लॅबमध्ये नवीन मशीन आलं होतं. मशीन बसलं की आपल्यापैकीच कुणाचं तरी रक्त लावून बघायची आमच्याकडे पद्धत आहे. मी उपाशीपोटी आले होते, म्हणून माझंच काढलं. पिवळ्या टोपणाची नळी, रक्त गोठेपर्यंत स्टँडला, मग सेंट्रिफ्यूजमध्ये. बाहेर काढली तर जेलच्या वर सिरम दुधट. नेहमी तिथे नितळ पिवळसर पाणी असतं, नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. माझ्या नळीतून काही दिसेना. रात्री बारा तास पोटात काही नाही आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, ५०० च्या वर, हवं त्याच्या कितीतरी पट. करड्या टोपणाच्या नळीतली उपाशीपोटीची साखर ११८, म्हणजे मधुमेहाच्या काठावर. वय २६, उंची चार फूट नऊ इंच, वजन ४७ किलो. वजनकाट्यावर बोट ठेवायला जागा नव्हती.

रिपोर्ट घेऊन एका डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, मशीन नवीन आहे, परत लावा. परत लावलं, तेच आलं. मग म्हणाले, लग्नसराई आहे, तेलकट-तुपकट झालं असेल. मी म्हटलं, मला लहानपणी ल्युकेमिया झाला होता, त्याचा काही संबंध असेल का? त्यांनी हात उडवला. ‘ते कधीचं! बरं झालं ना ते?’ माणूस चांगला आहे, रात्री-अपरात्री उठून जाणारा. म्हणूनच नाव घालून भांडण्यापेक्षा सगळ्यांनाच पत्र लिहायचं ठरवलं. ‘बरं झालं ना ते?’ हा प्रश्न मी नंतर इतक्या जणांकडून ऐकला की त्यात एका माणसाचा दोष धरायला जागा उरत नाही.

आता फाइलीत काय असतं ते बघू. तुमच्या अभ्यासक्रमात हा भाग फार तर पान-दोन पानांचा असेल.

पहिलं औषध स्टेरॉइड, प्रेडनिसोलोन नाहीतर डेक्सामिथासोन. सुरुवातीला जवळजवळ महिनाभर रोज, पुढे अधूनमधून. ज्यांनी हे घरात पाहिलंय त्यांना विचारा. मूल रात्री दोनला उठून वरणभात मागतं, चेहरा चंद्रासारखा गोल होतो, दंड काड्या आणि पोट नगारा. त्याच्याच जोडीला एल-अ‍ॅस्परजिनेज हे केमोचं औषध. ही जोडगोळी चालू असताना काही मुलांची साखर इतकी चढते की तेवढ्यापुरतं इन्सुलिन द्यावं लागतं. ट्रायग्लिसराइड चढतात, कधी स्वादुपिंडाला सूज येते. औषध थांबल्यावर हे बहुतेकांचं उतरतं आणि सगळे विसरतात. पण ‘या मुलाला तेव्हा इन्सुलिन लागलं होतं’ हे वाक्य पुढे वीस वर्षांनी फार कामाचं असतं.

मग मेथोट्रेक्सेट. याची कूळकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना अमिनोप्टेरिन देऊन पहिल्यांदाच आजार काही काळ मागे हटवून दाखवला. ते औषध त्यांना ज्या लेडर्ले कंपनीतून मिळालं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्याकडचे, आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. मेथोट्रेक्सेट हे त्याच अमिनोप्टेरिनचं भावंड. ते अजून वापरात आहे. पाठीतून देतात ते बहुतेक तेच.

पाठीतून का? कारण शिरेतून दिलेली बरीच औषधं मेंदूत नीट पोचत नाहीत आणि ल्युकेमियाच्या पेशी तिथे दडून बसतात. पूर्वी मुलं बरी झालीशी वाटायची आणि आजार मेंदूतून परत यायचा. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलने साठच्या दशकात डोक्याला किरणोपचार जोडले आणि १९६७ च्या सुमाराला सुरू केलेल्या उपचारात जवळपास निम्मी मुलं कायमची बरी झाली. तोवर असं कुणी बोलायला धजत नव्हतं. आपल्याकडे १९८४ पासून टाटामध्ये आणि पुढे इतर केंद्रांत एमसीपी ८४१ नावाची उपचारपद्धती वापरली गेली, त्यातही डोक्याचे लाइट होतेच. ते दिले म्हणून मी आज हे पत्र लिहायला आहे, हे आधी स्पष्ट सांगते. ज्यांनी दिले त्यांच्याबद्दल माझ्या मनात तिळभर राग नाही.

पण किरणांना फक्त कॅन्सरच्या पेशी ओळखून मारता येत नाहीत. वाटेत हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी ही मेंदूतली हार्मोनवर ताबा ठेवणारी केंद्रं येतात. वाढीचं हार्मोन या किरणांना सगळ्यात लवकर बळी पडतं. आपण त्याला उंचीचं हार्मोन समजतो, पण उंची थांबल्यावरही स्नायू राखणं आणि पोटाभोवतीची चरबी आटोक्यात ठेवणं हे त्याचं काम चालूच असतं. ते कमी पडलं की स्नायू कमी, चरबी जास्त. दुसरं, लेप्टिन. चरबीच्या पेशी हे हार्मोन सोडून मेंदूला कळवत असतात की साठा पुरेसा आहे, आता पुरे. किरण लागलेल्या मेंदूच्या दारात तो निरोप पडून राहतो, आत कुणी घेतच नाही. रक्तात लेप्टिन भरपूर आणि भूक जागच्या जागी. शिवाय मुलींना पाळी लवकर येते, हाडं लवकर जुळतात, उंची तिथेच थांबते. मला नवव्या वर्षी पाळी आली. घरच्यांना वाटलं, हल्लीच्या मुली लवकरच वयात येतात, दूध-बीध असतं तसलं. डॉक्टरही तेच म्हणाले.

अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या पाहणीत, म्हणजे १९७० ते १९८६ दरम्यान कॅन्सर झालेल्या मुलांच्या पाठपुराव्यात, दिसलं ते असं : वजन वाढण्याचा धोका सर्वात जास्त त्या मुलींना, ज्यांना वयाच्या चार-पाच वर्षांच्या आत डोक्याला २० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) किंवा त्याहून जास्त किरण मिळाले. त्याच पाहणीत लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या सगळ्यांमध्ये मिळून मधुमेह त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा १.८ पट निघाला. सेंट ज्यूडने आपल्या एएलएल झालेल्या जुन्या पेशंटांना बोलावून तपासलं तेव्हा तिशीच्या आसपासच्या त्या लोकांत साधारण तिघांत एकाला मेटाबॉलिक सिंड्रोम होता. म्हणजे पोटाचा घेर, बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड, चांगलं कोलेस्टेरॉल यांतल्या किमान तीन गोष्टी बिघडलेल्या.

ज्यांचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं आणि त्यासाठी सगळ्या अंगाला किरण दिले गेले, त्यांची गोष्ट आणखी फसवी. ती मुलं दिसायला किरकोळ. हातपाय बारीक, कपडे ढगळ. त्यांना बघून मधुमेह कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. आणि साखर, ट्रायग्लिसराइड, यकृतातली चरबी वाढलेली असते. अशा मुलाला ‘जरा खात जा’ म्हणून सल्ला देण्याआधी कृपा करून एक साखर बघा.

इथे कुणी म्हणेल, हल्ली डोक्याला लाइट फार कमी मुलांना देतात, त्यामुळे हा प्रश्न माझ्या पिढीपुरता. तसं नाही. लाइट न मिळालेल्या मुलांमध्येही वजनवाढ भरपूर दिसते. स्टेरॉइडच्या काळात लागलेली भूक, घरात बसून गेलेली दोन-अडीच वर्षं, व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधामुळे पायांच्या नसांत आलेली कमजोरी, हे सगळं उपचार संपल्यावर आपोआप पुसलं जात नाही. आणि आता मुलं पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात जगतात. प्रगत देशांत दहातली नऊ. आपल्याकडे हे प्रमाण कमी असलं तरी वाढतंय. म्हणजे तुमच्याकडे येणारे असे पेशंट पुढे वाढणारच आहेत.

यात आपल्या मातीचा एक भाग आहे, तो परदेशी आकड्यांत दिसत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजून दाखवलं की ती इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कितीतरी हलकी असतात, पण अंगातली चरबी त्या मानाने राखलेली असते. कमी पडतात ते स्नायू. बारीक दिसणारा आणि आतून चरबीचा, ही आपली जन्मजात ठेवण. म्हणून तर आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ लाच जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा धरतात, पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर आणि बायकांचा ८० च्या पुढे गेला की सावध व्हायचं असतं. त्या ठेवणीवर ल्युकेमियाचा उपचार बसला, की काय होतं ते माझ्या नळीत दिसलं. माझा बीएमआय २३ च्याही आत. घेर मात्र ८६.

घरचं थोडं सांगते, कारण तुम्हाला घराशी बोलावं लागेल. केमोत काटकुळं झालेलं पोर बाळसं धरू लागलं की घर सुटकेचा श्वास सोडतं. ‘अंगाला लागलं हो!’ असं शेजारीण म्हणते आणि आई मुलाची दृष्ट काढते. मरणाच्या दारातून आलेल्या लेकराला ‘पुरे’ कोण म्हणणार? बिस्किटाचा पुडा, मलई, डब्यातलं प्रोटीन पावडर, जत्रेतली भेळ, मागेल ते. शाळेतही तसंच. पीटीच्या तासाला आम्ही वर्गात, दप्तरं राखायला. कुणी वाईट हेतूनं करत नाही. पण ‘आता याला पळू दे, पडला तरी चालेल’ हे वाक्य त्या आईला तुमच्या तोंडून ऐकावं लागतं. दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार नाही.

आणि मानेवरचा तो काळा पट्टा. माझी आई तो मळ समजून बेसन-लिंबाने घासायची, मान लाल होईपर्यंत. पुढे कॉलेजात असताना एका दवाखान्यात गोरं होण्याचं क्रीम लिहून मिळालं. मानेची, काखेतली कातडी काळपट, जाडसर, हाताला मखमलीसारखी लागणारी झाली तर ते अनेकदा इन्सुलिन नीट चालत नसल्याचं लक्षण असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी क्रीम मिळालं. त्याच सुमाराला पाळी अनियमित म्हणून पीसीओडीचा शिक्का बसला. तो चुकीचा होता असं म्हणत नाही, पण शिक्का मारला की विचार तिथेच थांबतो. लहानपणी डोक्याला किरण मिळालेल्या मुलीची पाळी बिघडली तर पिट्युटरी, थायरॉइड, साखर यांच्याकडेही बघायला हवं.

आमच्यापैकी बरेच जण तुम्हाला आजार सांगतच नाहीत, हेही मला माहीत आहे. मुलगी असेल तर फाइल कपाटावर गाठोड्यात बांधून ठेवलेली असते, स्थळं येतात म्हणून. लग्न झाल्यावर तर विषयच बंद. सासूला घेऊन आलेल्या सुनेला ‘लहानपणी काही मोठा आजार?’ असं विचारलंत तर ती नाहीच म्हणणार. तपासायला आत घेतल्यावर, पडद्याआड, हळू विचारा. पाठीच्या खालच्या भागात टोचण्याच्या जुन्या खुणा, गळ्याच्या हाडाखाली केमोसाठी बसवलेल्या पोर्टचा बारीकसा व्रण असं काही दिसलं तर विचारायला निमित्तही मिळतं.

सरकारी तपासण्यांत आम्ही दोन बाकांच्या मध्ये पडतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला, तो १८ वर्षांपर्यंत. मधुमेह-बीपीची सरसकट सरकारी तपासणी ३० वर्षांनंतर. मधली बारा वर्षं, जी आमच्यासाठी मोक्याची, त्यात आशाताईंच्या फॉर्मवर आमचा रकानाच नाही. तो रकाना यावा म्हणून वेगळं भांडावं लागेल, ते आम्ही भांडू. तोवर तुम्ही आहात.

लॅबवालीच तपासण्या सांगतेय म्हणून हसू नका. सुरुवात टेपने करा, त्यात आमच्या लॅबला एक पैसा मिळत नाही. शिंप्याकडचा साधा टेप, शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. बीपी तर तुम्ही घेताच, फक्त कुणी विशीतला आहे म्हणून सोडू नका. ज्यांना डोक्याला किंवा सगळ्या अंगाला किरण मिळाले आहेत त्यांची उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) दर दोन वर्षांनी करावं, असं अमेरिकेतल्या बालकर्करोगतज्ज्ञांची मार्गदर्शिका सांगते. वजन आणि बीपी दरवर्षी. ज्यांना किरण नाही मिळाले पण घेर वाढतोय, त्यांचंही करायला काय हरकत? एका सलाइनच्या बाटलीला लोक हसत जेवढे मोजतात, त्यात यातलं बरंच भागतं. एक मात्र सांभाळा : पेशंटला रक्तक्षय असेल तर एचबीए१सी फसवतो. आमच्याकडे येणाऱ्या तरुण मुलींत हिमोग्लोबिन नऊ-दहा असणाऱ्या किती तरी असतात. तिथे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच बरी.

लहान मुलाचा उपचार नुकताच संपला असेल तर दर वेळी उंची मोजून लिहून ठेवा. दाराच्या चौकटीवर खूण केली तरी चालेल. वर्षभर उंची अडली, किंवा मुलीला आठच्या आत छाती येऊ लागली, तर हार्मोनच्या डॉक्टरांकडे लगेच पाठवा, ‘वाढेल की’ म्हणत दोन वर्षं घालवू नका. मेंटेनन्सच्या गोळ्यांवर असलेल्या छोट्यांची साखर रात्रभराच्या उपाशीपणानंतर सकाळी खाली जाऊ शकते. सकाळी गळून गेलेलं, चिडचिडं मूल आणलं तर आधी ते बघा.

आणि हृदय. आमच्या औषधांत डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन ही लाल औषधं असतात, ती हृदयाच्या स्नायूला इजा करू शकतात. किती दिलं यावर धोका ठरतो. त्यावर बीपी आणि साखर चढली तर तो धोका बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. म्हणून १४०-९० चं बीपी पंचविशीतल्या पोराचं असेल तर ‘टेन्शन घेतोस’ म्हणून सोडू नका, एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. दम लागतो म्हणाला तर नक्कीच.

एक तक्रारही करून घेते. तापाला डेक्सा, पित्त उठलं की डेक्सा, गुडघा दुखला की डेक्सा. जिवावरच्या प्रसंगाला ते हवंच, त्याबद्दल बोलत नाही. पण आमच्या अंगात लहानपणी त्याचा साठा ओतून झालेला आहे. साखरेच्या काठावर उभ्या माणसाला तो एक धक्का पुरतो. दहा वर्षांनंतरच्या वयात उपचार झालेल्या मुलांमध्ये तर स्टेरॉइडमुळे खुब्याचं हाड मरण्याचा धोका जास्त. अशा मुलानं जांघेत किंवा मांडीत दुखतं म्हटलं, लंगडू लागलं, तर दुखण्याची गोळी आणि इंजेक्शन देऊन परत पाठवू नका. एक्स-रे सुरुवातीला साफ दिसतो. एमआरआय सांगा.

याच्या उलट टोकाचे डॉक्टरही भेटतात. कॅन्सर हा शब्द ऐकला की पेन खाली ठेवतात. ‘टाटालाच दाखव.’ साध्या खोकल्याला मुंबई! आणि आईच्या डोळ्यांत पाणी, परत आला की काय म्हणून. आम्हाला जपून हाताळायची काचेची भांडी करू नका. उपचार संपून दहा वर्षं लोटल्यावर आमचा खोकला बहुतेक वेळा खोकलाच असतो. आम्ही घाबरून राहावं असं मला मुळीच वाटत नाही. आमच्यातल्या अनेकांना ना साखर आहे ना बीपी, नोकऱ्या करतात, मुलं सांभाळतात. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या ‘उगम’ या गटात लहानपणी कॅन्सर होऊन गेलेले तरुण एकमेकांना भेटतात. तिथला आरडाओरडा ऐकलात तर यांना कधी काही झालं होतं यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

माझं म्हणाल तर मला शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. त्यांनी फाइल मागितली, घरी जाऊन वाचली आणि दोन दिवसांनी फोन करून हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. गोळी सुरू झाली. नवरात्रातले नऊ दिवसांचे साबुदाण्याचे उपास बंद झाले, यावर घरी बराच वाद झाला, आईचं म्हणणं देवीनंच वाचवलं होतं. मग राजगिरा आणि वरीवर तडजोड झाली, तीही मोजून. संध्याकाळी वजनं उचलते, चालण्यापेक्षा त्याचा फायदा मला जास्त, कारण माझ्याकडे कमी आहे तो स्नायूच. ट्रायग्लिसराइड २०० च्या खाली यायला वर्ष लागलं.

फाइल हरवली असेल तर, आणि बहुतेकांची हरवलेली असते किंवा पुरात गेलेली असते, आमच्या भागात २०१९ ला कितींची गेली, तर पेशंटला हात हलवत परत पाठवू नका. उपचार झालेल्या हॉस्पिटलला तुमच्या लेटरहेडवर चार ओळी लिहा. पेशंटने लिहिलेल्यापेक्षा डॉक्टरचं पत्र लवकर हलतं. विचारायचं एवढंच : निदान कधी आणि कोणत्या वयात झालं, डोक्याला किंवा अंगाला किरण दिले का आणि किती ग्रे, लाल औषधाचा एकूण डोस किती, स्टेरॉइड कोणतं, उपचारात साखर वाढून इन्सुलिन लागलं होतं का, ट्रान्सप्लांट झालं का. उत्तर आलं की ते तुमच्या केसपेपरला जोडा आणि एक झेरॉक्स पेशंटच्या हातात द्या. पुढच्या गावी, पुढच्या डॉक्टरांकडे ती लागणार आहे.

आपली नम्र,
एक लॅब टेक्निशियन
जि. सांगली